ताई-भावजी दोघांच्याही रिपोर्टवर ‘प्रीडायबेटिस’, पथ्य एकच ठेवायचं का?

मधली_आळी:
ताई (वय ४१) आणि भावजी (४६) यांनी एकाच दिवशी तपासण्या केल्या.
भावजी: उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ५.९, वजन ७८ किलो. बैठं काम, व्यायाम नाही, आईला मधुमेह. पँट ३४ ची.
ताई: उपाशीपोटी ९४, एचबीए१सी ६.०, हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७१. दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती, नंतर कधी तपासली नाही.
लॅबने दोघांपुढे ‘प्रीडायबेटिस’ (मधुमेहाच्या आधीची पायरी) छापलंय. घरात दोघांचा भात बंद झालाय आणि गुळाचा चहा सुरू झालाय. हे बरोबर आहे का? गोळी लागेल का?

रक्तपेढी_ते_लॅब:
आधी ताईंचं बघा, कारण घाईत चुकेल ते तिथेच. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यात तीन महिन्यांची सरासरी दिसते. लोह कमी असलं की साखर न वाढताही हा आकडा फुगू शकतो. हिमोग्लोबिन ९.६ आणि एमसीव्ही ७१, दोन्ही कमी असताना फक्त ६.० वर विसंबून निदान करू नये. फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. ते ठीक निघालं तर थॅलेसेमिया मायनरसाठी (लाल पेशी लहान राहण्याचा आनुवंशिक दोष) हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी लागेल. आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर एचबीए१सी खाली आलं तर ‘साखर उतरली’ असं समजू नका, नव्या पेशींमुळेही ते उतरतं.

म्हणून उपाशीपोटीची साखर ९४ आहे, सोडून द्या, असंही नाही. बायकांमध्ये बऱ्याचदा उपाशीपोटीचा आकडा चांगला असतो आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी खरी गोष्ट कळते. त्यात गरोदरपणातली साखर हा मोठा धोका. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन तपासणी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर बघायची असते, तीच राहून गेली आहे.

तपासणी अशी: आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, भात-पोळी तोडायची नाही. (म्हणजे बंद केलेला भात आधी सुरू करा. पिष्ट कमी खाऊन गेलं तर दोन तासांचा आकडा खोटा चढतो.) रात्री ८ ते १० तास उपाशी. सकाळी रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात, पाच मिनिटांच्या आत प्यायचं. पहिल्या घोटापासून बरोबर दोन तास मोजायचे, तोवर बसून राहायचं, चहा-तंबाखू काही नाही. १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबेटिस, २०० पासून पुढे मधुमेहाच्या हद्दीत. ‘नाश्ता करून या’ म्हणणारी पीपी (खाल्ल्यानंतरची साखर) ही तपासणी नव्हे. रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइड बाटलीत घेतलंय का तेही बघा. साध्या बाटलीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते.

वाटी_चमचा (आहारतज्ज्ञ):
भावजींचे दोन्ही आकडे प्रीडायबेटिसच सांगतायत, त्यामुळे तिथे संशय नको. पण पँटचा नंबर कंबर म्हणून धरू नका. पट्टा पोटाखाली जातो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून लावा. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही आपल्याकडची रेघ. चेन्नईत मधुमेहतज्ज्ञ डॉ. मोहन यांच्या संस्थेने केलेल्या मधुमेहाच्या जोखीम-गणितात भावजींना वयाचे २०, बैठ्या जगण्याचे ३०, आईच्या मधुमेहाचे १० गुण मिळतात. कंबर न धरताच ६० झाले, आणि ६० म्हणजे जास्त धोका. त्याच तक्त्यात गरोदरपणातली साखर विचारलेलीच नाही, म्हणून ताईंचे गुण कमी आले तरी निर्धास्त राहू नका.

गुळाचा चहा थांबवा, गूळ साखरच आहे. दोन चमचे घालून दिवसाला चार कप म्हणजे ४० ग्रॅम. भात बंद करायची गरज नाही. शिजलेला एक वाटी भात किंवा एक ज्वारीची भाकरी, एका वेळी एकच. सोबत घट्ट वरण किंवा उसळ एक वाटी आणि अर्धं ताट पालेभाजी-कोशिंबीर. भात सोडून चार पोळ्या खाल्ल्या तर हिशोब तिथेच.

ताईंचे उपवास असतील तर साबुदाणा आवरा. त्यात जवळजवळ नुसतं पिष्ट, प्रथिनं १०० ग्रॅममागे एक ग्रॅमही नाहीत. दही, ताक, दाणे, राजगिरा बरा. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

मधली_आळी:
ताई म्हणते दिवसभर कामात पायावरच असते, वेगळं चालायला कशाला?

वाटी_चमचा (आहारतज्ज्ञ):
ओट्यापाशी उभं राहणं दमवतं, पण धाप लागत नाही. बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही, असा वेग आठवड्याला १५० मिनिटं हवा. दोघांनी रात्री जेवल्यावर १५ मिनिटं बाहेर पडावं, भांडी भावजींसकट मिळून उरकावीत. तिला वेळ मिळेना ही खरी अडचण तिथेच आहे. शिवाय आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीवर जोर, १० चे तीन फेरे.

गोळीचं डॉक्टर ठरवतील. २००६ च्या भारतीय अभ्यासात आहार-चालण्याने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या मेटफॉर्मिनने (मधुमेहाची नेहमीची गोळी) २६.४, आणि दोन्ही मिळून जास्त काही पदरात पडलं नाही. भावजींनी सहा महिन्यांत ४ ते ५ किलो उतरवायचं धरावं, तीन महिन्यांनी एचबीए१सी परत. ताईंचं फेरिटिन या आठवड्यात, ग्लुकोजची तपासणी भात सुरू करून तीन दिवसांनी.