एचएमटी ट्रॅक्टर सरकारी होता म्हणून बुडाला का?

पलूसचा_पाटील:
हरियाणातल्या पिंजोरला 1971 मध्ये एचएमटीनं झेटर 2511 काढायला सुरुवात केली, डिझाईन चेक लोकांचं, 25 हॉर्सपॉवर, दोनच सिलिंडर, पण आमच्या काळ्या रानात नांगरट बघावी त्याची. 2016 ला केंद्रानं ट्रॅक्टरचं कामच गुंडाळलं. माझं मत सरळ आहे, माल चांगला होता, मालक सरकार होतं म्हणून बुडाला. खासगी असता तर आज वाडीवाडीला दिसला असता.

कराडचा_फिटर:
पाटील, हे काय पटलं नाही. मग स्वराजचं काय? ती पण पंजाब सरकारनंच उभी केलेली कंपनी, 1974 ला मोहालीतनं त्यांचा 724 ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि डिझाईन दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेचं. उसनवारी नाहीच. तो कसा जगला?

पलूसचा_पाटील:
2007 ला महिंद्रानं घेतली म्हणून जगला. माझाच मुद्दा झाला की!

कराडचा_फिटर:
ओ, चालणारी कंपनी घेतली त्यांनी, भंगार नव्हं. आणि तुमचा झेटर तरी कुठला? चेक लोकांच्या ब्रनो गावचा. तिथं 1946 पासनं ट्रॅक्टर निघतायत आणि पुढची कैक वर्षं कारखाना कम्युनिस्ट सरकारचाच होता, तरी जगभर विकला. सरकारी म्हणून वाईट असता तर तुमच्या रानापर्यंत आलाच नसता.

वाळव्याचा_ऊसवाला:
तुमचं दोघांचं मालकावरच अडलंय राव. बी-275 बघा, मूळ इंग्लंडचं डॉनकास्टरचं मॉडेल, 1963 ला महिंद्रानी इंटरनॅशनल हार्वेस्टरला धरून कंपनी काढली आणि कांदिवलीत बनवायला लागले, 275 हा आकडा अजून बॉनेटवर आहे. का? ऐन सीझनला भरलेली ट्रॉली कारखान्याच्या रस्त्यात बंद पडली की स्पेअर त्याच दिवशी तालुक्याला मिळतो. एचएमटीचा सामान यायची वाट बघत आमचा ऊस वाळलाय, इंजिन किती का भारी असंना.

पलूसचा_पाटील:
मग डीलर का वाढले नाहीत? पैसा दिल्लीतनं सुटायचा म्हणूनच ना. हेच म्हणतोय मी मघापासनं.

कराडचा_फिटर:
पैसा चंदीगडातनं सुटला तर डीलर वाढतात आणि दिल्लीतनं सुटला तर नाही, असं कसं? तो कारभाराचा दोष म्हणा, सरकारीपणाचा नाही. बाकी एचएमटीचा 5911 पंजाबात अजून मिरवतात पोरं, इंजिनाला नावं ठेवू नका कुणी.

वाळव्याचा_ऊसवाला:
मिरवू देत की. माझ्याकडं डबल ट्रॉली ओढायची आहे.