मदत हवी आहे: मेलबर्नमधे एनबीएलची (ऑस्ट्रेलियाची बास्केटबॉल लीग) मेंबरशिप घ्यावी का सुटी तिकिटं?

मेलबर्नकर, जरा मदत करा. मुलाला (वय ९) बास्केटबॉलचं प्रचंड वेड लागलंय, या सीझनला एनबीएलच्या निदान ५-६ मॅच दाखवायच्यात. मेलबर्न युनायटेड आणि साउथ ईस्ट मेलबर्न फीनिक्स दोघंही जॉन केन अरीनात खेळतात पण मेंबरशिप एकाच क्लबच्या होम मॅचला चालते, आणि याला तर टास्मानिया जॅकजंपर्स (बाहेरून खेळायला येणारी टीम) बघायचेत, २०२४ला ते चॅम्पियन झाले तेव्हापासून त्यांचाच फॅन आहे तो. सीट मॅप बघून झाला, त्यावरून पायऱ्यांचा काही अंदाज येत नाही. सोबत माझी आई असणार, तिला गुडघ्यांमुळे चढणं जमत नाही. वीकेंडच शक्य आहे. तर कमी पायऱ्यांचा सेक्शन कुठला, आणि एवढ्या मॅचसाठी मेंबरशिप परवडते का सुटी तिकिटंच बरी?