'रोबोटिक ब्रेस'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक, परळ :
कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर हातावर चढवायच्या मोटरयुक्त साधनाचे माहितीपत्रक मी रुग्णांसाठी मराठीत करीत आहे. मी 'यांत्रिक बाहुबंध' असे लिहिले होते. परंतु मसुदा वाचून दाखवला तेव्हा एका रुग्णाच्या आईने दंडाला हात लावून 'म्हणजे वाकीसारखे का?' असे विचारले. शिवाय, साधन हात 'हलवते' म्हणावे की 'हलवण्यास साहाय्य करते'? रुग्णाचा जोर जेवढा कमी पडेल, तेवढीच भर मोटर घालते.

निवृत्त शिक्षक, गिरगाव :
'बाहुबंध' सोडू नये. 'ब्रेस' हा शब्दच मुळी बाहू या अर्थाच्या लॅटिन 'ब्राकियम'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला आहे. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' आज कोणाला अडतात?

भौतिकोपचारतज्ज्ञ, दादर :
सर, माझा आक्षेप 'बंध'ला आहे. हाडवैद्याच्या कामट्या असोत वा प्लास्टर, बांधतात ते सांधा हलू नये म्हणून. येथे आखडलेला सांधा हलता करायचा आहे. कोपराचा आस आणि मोटरचा आस जरा चुकला, तरी हात वाकताना पट्टा कातडीवर घासतो आणि लाल वळ उठतो. म्हणूनच काही रचनांत सांध्यापाशी सरकायला मुद्दाम जागा ठेवलेली असते. आमचे रुग्ण सरळ 'पट्टा' म्हणतात. 'ब्रेस' म्हटले की त्यांना दातांच्या तारा आठवतात.

इतिहासाचा अभ्यासक, मुलुंड :
पट्ट्यावरून दांडपट्टा आठवला. त्याची मूठ ज्यात असते आणि जो हाताचा पुढचा भाग झाकतो, त्या लोखंडी आवरणाला खोबळा म्हणतात. 'यांत्रिक खोबळा' हा शब्द आपल्याच मातीतला आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञ, दादर :
खोबळ्यात मनगट जखडलेले असते. आम्हाला नेमके तेच नको आहे.

वाचक, लालबाग :
आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय आपोआप वाकवणारे यंत्र लावत असत आणि त्यावर ती चक्क डुलकी काढत असे. ते यंत्र पाय 'हलवत' होते. तुमच्या साधनात रुग्णाने स्वतः जोर लावायचा असेल, तर 'हातभार लावते' असे लिहा. ते आईलाही कळले असते.

निवृत्त शिक्षक, गिरगाव :
'हातभार' उत्तम, पण ते क्रियेचे वर्णन झाले, वस्तूचे नाव नव्हे. आणि 'रोबोटिक'चे काय? कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आलेला 'रोबोट' चेक भाषेतल्या वेठबिगारीवरून घडला आहे. तो रुग्णाच्या हातावर का लादावा?

अनुवादक, परळ :
'हातभार लावते' घेतले आहे. नावाची जागा अद्याप रिकामी आहे आणि मसुदा शुक्रवारी छपाईला जाणार आहे.

निवृत्त शिक्षक, गिरगाव :
मग 'बाहुबंध'च ठेवा.