नाचणीचं सत्त्व: गाळायचं की मोड आणून थेट दळायचं?

सायली७७
८ महिन्यांच्या बाळासाठी आणि घरातल्या दोन ज्येष्ठांसाठी नाचणीचं सत्त्व करायचं आहे. एक रीत अशी की नाचणी भिजवून, वाटून, पंचातून गाळायची आणि खाली बसलेला साका वाळवायचा. दुसरी म्हणजे मोड आणून, वाळवून थेट दळायची. कॅल्शियम कशात जास्त राहतं? ज्येष्ठांपैकी एकांना मधुमेह आहे, त्यांना चालेल का?

जात्यावरची
मोड आणून दळा. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालाकडच्या भागात असतं. गाळलं की ते चोथ्याबरोबर जातं आणि साक्यात मुख्यतः स्टार्च उरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत ३६४ मिग्रॅ कॅल्शियम आहे, गव्हात ४० च्या आसपास, पॉलिशच्या तांदळात १० सुद्धा नाही. इतकी मोलाची गोष्ट पंचात सोडून द्यायची कशाला? शिवाय मोड आल्यावर फायटिक आम्ल (धान्यातलं कॅल्शियम अडवून धरणारं द्रव्य) कमी होतं, म्हणजे असलेलं कॅल्शियम अंगी जास्त लागतं.

१ किलो नाचणी रोळून खडे काढा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत ४-५ वेळा धुवा, १०-१२ तास भिजवा. मग पाणी पूर्ण निथळू द्या. इथेच बहुतेकांचं बिघडतं: ओल राहिली की दाणे चिकट होतात आणि आंबूस वास येतो. ओल्या सुती फडक्यात सैल बांधून २४ ते ३६ तास ठेवा, मधे एकदोनदा पाणी शिंपडा. पांढरा कोंब दाण्याएवढा दिसला की पुरे. काळी-हिरवी बुरशी दिसली तर सगळंच टाका, धुऊन वापरू नका. दाणा दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवा, तळहातावर चोळून कोंब झाडा आणि मंद आचेवर खमंग वास येईपर्यंतच भाजा. जास्त भाजलं की कडवटपणा येतो, आणि मोडांमुळे तयार झालेली पाचकद्रव्यं मरतात.

मेतकूट_भात
त्या पाचकद्रव्यांचं बाळासाठी फार महत्त्व आहे. ती स्टार्च तोडतात, म्हणून मोडाच्या पिठाची खीर पातळ राहते. साध्या पिठाची तेवढीच खीर घट्ट गोळा होते, मग आपण पाणी वाढवतो आणि बाळाच्या पोटात पाणीच जास्त जातं. २ चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग कपभर पाण्यात ६-७ मिनिटं सतत ढवळत शिजवा, वरून थोडं तूप. बाळासाठी पीठ बारीक चाळणीने चाळलं तरी चालेल, कोवळ्या पोटाला कोंडा जड जातो. वर्षाच्या आत मध अजिबात नको, मीठ-साखरही नको.

कोंड्याचा_मांडा
मधुमेहासाठी खीर नको, भाकरी बरी. बारीक पिठाची पातळ खीर झपाट्याने पचते आणि साखर चटकन वर जाते. मोडाच्या पिठाने तर आणखीच. भाकरी साध्या पिठाची करा. नाचणीत पीठ बांधून धरणारं ग्लुटेन नाही, म्हणून उकड काढावीच लागते: १ वाटी पाणी मीठ घालून उकळा, गॅस बंद करून १ वाटी पीठ घाला, ५ मिनिटं झाकून ठेवा, गरम असतानाच मळा. कोमट झाल्यावर मळलं की कडा चिरतात. सोबत उसळ किंवा पालेभाजी हवीच, नुसती गुळाबरोबर नको.

एक मात्र आवर्जून सांगतो, लोहासाठी नाचणीवर विसंबू नका. १०० ग्रॅममध्ये साडेचार मिग्रॅच्या आसपास लोह आहे, बाजरीत सहाच्या वर. जेवणाबरोबर चहा घेतलात तर त्यातलंही कमी शोषलं जातं. लिंबू पिळा.

सायली७७
मोड आणूनच करते. आधीच गाळून ठेवलेला चोथा फ्रिजमध्ये आहे, त्याचं काय करू?

जात्यावरची
आजच संपवा, आंबायला वेळ लागत नाही. ज्वारीचं पीठ, चिरलेला कांदा, ओवा, तिखट-मीठ घालून थालीपीठं लावा. बांधून येईल इतकंच पीठ घाला.