मदत हवी आहे: जर्मनीत लेकीच्या कुत्रीचं पिल्लूपण सांभाळायचंय, मराठीत बोललं तर चालेल का?

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, नौपाड्यातली, वय ६२. लेक आणि जर्मन जावई म्युनिकला असतात. त्यांनी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंय, नाव लोटं, मी लोटी म्हणते. तिथे ८ आठवडे पुरे झाल्याशिवाय पिल्लाला आईपासून तोडता येत नाही, तसा कायदाच आहे. लोटी आता ९ आठवड्यांची आहे. लेकीची रजा संपत आली, म्हणून पुढच्या पंधरवड्यात मी निघतेय. व्हिसा ९० दिवसांचा. दिवसभर घरात मी आणि लोटी, दोघीच.

आमच्या घरात कुत्रा कधी नव्हता. तलावपाळीवरून येताना पार्ले-जी टाकायचा, आणि चावला तर इंजेक्शनं, एवढाच संबंध. (जर्मनीत २००८ पासून कुत्र्या-कोल्ह्यांतला रेबीज नाही हे कळल्यावर ती धास्ती तरी गेली.)

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कुत्री व्यायली आहे. सवय व्हावी म्हणून रोज दुपारी तिच्या पिल्लांजवळ जाऊन बसते. काल एकाने ओढणीचं टोक धरलं. दात म्हणजे सुयाच. मी "अरे सोड, सोड" करत ओढत राहिले, तर त्याला तो खेळच वाटला, आणखी जोर लावला. शेवटी हात सैल सोडला आणि गप्प बसले. जरा वेळाने त्याने आपणहून ओढणी सोडली आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपलं.

खाण्याचं लेकीने बजावून सांगितलंय: कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगगम, काहीही तिच्या तोंडी जाता कामा नये. बेसनाचे लाडू या खेपेला मनुका न घालताच वळणार आहे.

आता खऱ्या अडचणी. जावई म्हणतो, घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. बसायला 'झिट्स', सोडायला 'आउस', नको म्हणायला 'नाइन'. हे तीन शब्द मी पाठ केलेत. पण दिवसभर तिच्याशी बोलणार मी मराठीतच, मला दुसरं काय येतं? हुकूम जर्मन आणि लाडाचं बोलणं मराठी, असं केलं तर पिल्लाचा गोंधळ होतो का?

दुसरी अडचण मोठी आहे. तिला थोडं थोडं एकटं राहायची सवय लावायची आहे. आधी दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं, मग पाच, असं वाढवत न्यायचं. लेक म्हणते, "आई, कुंई केलं की लगेच उचलू नकोस." मला ते ऐकवणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. पण तीन महिने मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही आणि मग ठाण्याला परत आले, तर ती रिकाम्या घरात किती कासावीस होईल? त्या विचाराने झोप लागत नाही. तिच्या रडण्यातलं नुसतं कुरकुरणं कुठलं आणि खरी घाबरलेली कुठली, हे कसं ओळखायचं? कुठल्या रडण्याला लगेच जायचं?

आणखी एक. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. झोपून उठली, खाल्लं, खेळली की दर वेळी खाली न्यायचं. आत्ता कडेवर घेऊन जिने उतरेन, पण दोन महिन्यांनी ती माझ्याच्याने उचलवेल का?

परदेशात मुलांकडे राहून कुणी पिल्लू सांभाळलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पहिल्या आठवड्यात काय केलंत, तेवढं सांगितलंत तरी खूप उपयोग होईल.