मदत हवी आहे: लेकीला घेऊन चितकूल, मुक्काम नक्की कुठे करावा?

मुक्कामपोस्ट
हिमाचलातल्या चितकूलला जायचंय. मी, नवरा आणि लेक. गाडी नाही, टॅक्सी नाही, दोन सॅक आणि सरकारी बस. मला फक्त एवढंच सांगा की सगळे दिवस चितकूललाच राहावं की खालच्या सांगल्याला राहून वर जाऊन यावं? पॉइंट बघायचे नाहीत. शांत गाव हवंय, नदीकाठी दगड गोळा करत बसता येईल असं. परवा रजेचा अर्ज टाकायचाय, त्यामुळे जरा लवकर. "एवढ्या लहान पोरीला घेऊन कशाला" हे सासरी ऐकून झालंय, इथे नको.

खारीबटर
लेक केवढी? कॉलेजात जाणारीही लेकच असते.

घाटातलाकावळा
आणि महिना कोणता? निघणार कुठून? शिमल्यापर्यंत कसे येणार? काहीच न सांगता मुक्काम ठरवायला आम्ही काय पंचांग उघडून बसलोय?

ढगफुटाणे
चितकूल सोडा, कल्पाला जा. अंथरुणातून डोकं वर काढलं की समोर किन्नर कैलास. चितकूलचं रील्सवाल्यांनी पार वाटोळं केलंय. 'हिंदुस्तान का आखिरी ढाबा'च्या पाटीसमोर फोटोला झुंबड असते. शांतता कसली!

मुक्कामपोस्ट
साडेतीन वर्षांची. दसऱ्याच्या सुमारास. पुण्याहून, कालक्यावरून छोट्या रेल्वेगाडीने शिमला, पुढे बस. कल्पा विचारलेलं नाही.

चारचाकीचंद
सांगल्याच्या पुढे रस्ता खराब आहे. ग्राउंड क्लिअरन्स चांगला असेल तरच गाडी घाला, आणि पेट्रोल खालीच भरून घ्या.

खारीबटर
चंदशेठ, त्या बसने जातायत.

घाटातलाकावळा
आता बोलू. शिमला ते सांगला एका दमात करू नका, बसमध्ये अख्खा दिवस जातो आणि पोरीला बस लागली तर विचारूच नका. मध्ये सराहनला थांबा. रामपूरच्या पुढे जिउरीला हायवे सोडून 17 किलोमीटर वर. भीमाकालीच्या देवळाच्या आवारातच यात्री निवास आहे. पोरीला पळायला दगडी अंगण मिळेल.

उंचीचं गणित बघा. सराहन साधारण 2,200 मीटर, सांगला 2,700 च्या आसपास, चितकूल 3,450. सांगल्याहून त्याच दिवशी चितकूलला झोपायला जाणं म्हणजे एका रात्रीत साडेसातशे मीटरची उडी. मोठ्यांचंही डोकं धरतं. तेव्हा सांगल्याला किंवा चितकूलच्या वाटेवरच्या रकछमला राहायचं, सकाळच्या बसने चितकूल, दुपारी खाली. पोरगी नीट जेवतेय-खेळतेय असं दिसलं तर शेवटी एक रात्र वर काढा. हवा तो नदीकाठ रकछमला आहेच, आणि गर्दी चितकूलच्या मानाने काहीच नाही.

आज्जीचाबटवा
उंचीवर कापराची पुरचुंडी गळ्यात बांधा. आम्ही सगळ्यांना बांधतो. श्वास मोकळा होतो.

औषधाचीचिठ्ठी
कृपा करून साडेतीन वर्षांच्या मुलीच्या गळ्यात कापूर बांधू नका. या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं, आणि कापूर थोडा जरी पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळीही, इथे कोणी सुचवायच्या आत सांगते, तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दुसरं म्हणजे एवढ्या मुलांना "डोकं दुखतंय" असं सांगता येत नाही. किरकिर, जेवायला नकार, झोप न लागणं, उलटी यावरूनच ओळखायचं. घोळ असा की बस लागल्यावरही हेच होतं. बसची उलटी खाली उतरून थोडा वेळ गेला की थांबते. उतरल्यानंतरही मूल मलूल राहिलं, पाणीसुद्धा ठरत नसेल तर थांबून बघत बसायचं नाही. खालच्या गावी उतरायचं, रात्र असली तरी.

आज्जीचाबटवा
आमच्या पोरांना काही झालं नाही. हल्ली सगळ्याचाच बाऊ.

ढगफुटाणे
औषधाचीचिठ्ठी बरोबर बोलतायत. म्हणूनच म्हणतो कल्पा, 2,960 मीटर.

खारीबटर
ढगफुटाणे, तुमचं तिथे हॉटेल आहे का हो?

मुक्कामपोस्ट
तिथे दरडी फार कोसळतात ना? 2021 चे व्हिडिओ नवऱ्याने आत्ताच पाहिले आणि आता तोच कच खातोय. आणि प्रीपेड सिम चालत नाही असं कोणीतरी म्हणालं.

घाटातलाकावळा
सिमचं ते जम्मू-काश्मीर-लडाखचं, हिमाचलात आपलं प्रीपेड चालतं. रेंज मात्र वर गेल्यावर भरवशाची नाही. आणि 2021 च्या जुलैत सांगल्याजवळच्या बटसेरीला दगड कोसळले, त्यात पर्यटक गेले, पूलही तुटला. ती ऐन पावसाळ्यातली गोष्ट. दसऱ्यापर्यंत तिकडचा पाऊस बहुतेक ओसरलेला असतो, पण रस्ता बंद पडायला पाऊसच लागतो असं नाही. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा. तो पर्यटनाचा दिवस धरायचा नाही.

पाळणाघर
कोणीच विचारत नाहीये म्हणून विचारते. दोघांच्या पाठीवर सॅक, मग झोपलेली पोर कोण उचलणार? बस स्टँडपासून होमस्टेपर्यंत चढ असतो आणि ती नेमकी तेव्हाच झोपते. एक मोठी सॅक, दुसरी पोटाशी लावायची छोटी. चितकूलला जाताना मोठी सॅक सांगल्याच्या होमस्टेवाल्यांकडे ठेवा, सहसा नाही म्हणत नाहीत. वर फक्त गरम कपडे, एक बदलायचा जोड आणि खाऊ. मुक्काम केलात तर रात्री पारा शून्याजवळ जातो, कानटोपी तिची तिला काढता येणार नाही अशी घ्या. मेतकूट न्या, भात सगळीकडे मिळतो.

चारचाकीचंद
मेतकुटावरून आठवलं, शिमल्याच्या गाडीत बरोगच्या बोगद्यात पोरं जाम ओरडतात. लाइनीवरचा सगळ्यात लांब बोगदा, नंबर 33. डाव्या बाजूची सीट मिळवा.

खारीबटर
उजवी चांगली.

चारचाकीचंद
जाताना की येताना?

मुक्कामपोस्ट
बरं. सराहन, मग सांगला-रकछम, चितकूल जमलं तर रात्र नाहीतर दिवसाचं. एक सॅक कमी. नवरा तयार. सासूबाईंना कापराचं सांगणार नाही, बांधायला निघतील. आता शेवटचं, सराहनहून सांगल्याला थेट बस आहे का?

घाटातलाकावळा
थेटच्या भरवशावर राहू नका. सकाळी लवकर जिउरीला उतरा, हायवेवर पुढची बस पकडा. सांगल्याची नाही मिळाली तर रिकाँग पिओची घ्या, वाटेत हायवेवरच करछमला (रकछम नव्हे) उतरा. तिथून सांगला 18 किलोमीटर, शेअर जीप मिळेल. वेळा नेटवर बघू नका, आदल्या संध्याकाळी सराहनच्या स्टँडवर कंडक्टरला विचारा. आणि पुढची सीट मागून घ्या, मागे बसलात तर पोरीला बस लागणारच.