आसऱ्याला आलेल्या मुसलमानांना येशूबद्दल सांगावं का?

वानलेसवाडीकर
माझी धाकटी बहीण मिरजेत नर्सिंग शिकली, आता जर्मनीत नोकरीला आहे. ती रविवारी ज्या चर्चला जाते तिथं इराणी आणि अफगाण पोरं येतात, आसरा मागायला आलेली. आधी चहा आणि जर्मन बोलायचा सराव, मग एखादा हळूच फारसी बायबल मागतो. परवा एकानं हिला सरळ विचारलं, "नमाज कधीच सुटली, पण देव सुटत नाही. तू कुणाकडं मागतेस?" हिनं मला फोन केला, सांगू का नको?
मी म्हटलं, सांग. विचारणाऱ्याला उत्तर न देणं म्हणजे त्याला अजाण पोर समजणं. फक्त मदत आणि धर्म एका ताटात वाढू नको. तुमचं काय मत?

दर्ग्यामागची_गल्ली
दादा, "त्यानं विचारलं" हे इतकं सरळ नसतं. कागद नाहीत, भाषा येत नाही, आई तिकडं तेहरानला. फॉर्म भरून देणारा, वकील गाठून देणारा आणि बायबल देणारा माणूस एकच. अशाला नाही म्हणायला किती जणांची जीभ वळेल?
माझी आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात बाळंत झाली. १८९४ चा दवाखाना, आमच्या घरात अजून त्याचं नाव आदरानं घेतात. पण वॉर्डातली सकाळची प्रार्थना तिनं ऐकून घेतली, कारण खाटेवरून उठून जाता येत नव्हतं. ती मुसलमानच राहिली म्हणून ही आठवण आम्ही हसत सांगतो.

माणदेशी_मेंढका
काय राव, एवढा काथ्याकूट! अर्धे व्हिसासाठी बाप्तिस्मा घेतात. २०२४ च्या जानेवारीत लंडनच्या क्लॅपहॅममध्ये एका बाईवर आणि तिच्या पोरींवर रसायन टाकणारा आठवतोय? ख्रिस्ती झालो असं सांगून आसरा मिळवलेला होता.

वानलेसवाडीकर
"अर्धे" कुणी मोजले? एका गुन्हेगारावरून सगळ्यांना झोडपायचं तर आपल्यातलंही कोण सुटणार नाही. आणि पाद्रीबाबांचा दाखला पुढं केला की काम झालं, असं जर्मनीत नाही. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय: बाप्तिस्मा योग्य झाला का हे चर्चनं ठरवावं, पण ती श्रद्धा त्या माणसात खरंच मुरली आहे का, हे न्यायाधीश स्वतः तपासू शकतो.

सातारा_कोर्टाबाहेर
कायद्याचं थोडं. आपल्या घटनेचं कलम २५ धर्मप्रचाराचा हक्क फक्त नागरिकांना नाही, सर्व व्यक्तींना देतं. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. युरोपात १९९३ चा कोक्किनाकिस खटला बघा. ग्रीसमधला हा यहोवाचा साक्षीदार, म्हणजे दारोदार प्रचार करणाऱ्या ख्रिस्ती पंथातला, धर्मप्रचारापायी साठाहून जास्त वेळा अटक झालेला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, पण साक्ष देणं वेगळं आणि अडचणीतल्या माणसाला आमिष किंवा दबाव दाखवणं वेगळं, हेही नोंदवलं. तुमच्या दोघांचं भांडण नेमकं त्या फटीत आहे.

माणदेशी_मेंढका
आणि तबलीगवाले दारोदार फिरतात ते चालतं होय?

दर्ग्यामागची_गल्ली
ते बहुतेक आमच्याच दारात येतात, नमाजाला चला म्हणून. तरी त्यांनाही हाच नियम लावा. नडलेल्या माणसाला रेशन देताना कलमा पढवू नये. मी मोहल्ल्यात हे बोललोय, शिव्याही खाल्ल्यात.

यवतेश्वर_घाट
साताऱ्याचंच उदाहरण विसरलात सगळे. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि इथं "देवाचा दरबार" काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. येशूच्या मागं जायला रजिस्टरात नाव लागत नाही, हे त्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. जर्मनीतल्या चर्चनी बाप्तिस्म्याची घाई सोडली तर निम्मे वाद मिटतील.

दर्ग्यामागची_गल्ली
हे पटतं. घाईत पोराचा जीवही जातो. इराणात युसेफ नदरखानी या पास्टरला धर्मत्यागाबद्दल २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली होती, २०१२ मध्ये त्या आरोपातून सुटला. इकडं ही मंडळी बाप्तिस्म्याचे फोटो फेसबुकवर टाकतात. केस फेटाळली, परत पाठवला, तर तो फोटो विमानतळावर त्याच्या आधी पोचलेला असतो. मागं राहिलेल्या बहिणींना पोलीस विचारतात ते वेगळंच.

वानलेसवाडीकर
फोटोचं शंभर टक्के बरोबर. बहिणीला आत्ताच मेसेज टाकला. आणि २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल मंडळी या तिघांनी मिळून आचारसंहिता काढली, त्यातही माणसाच्या गरजेचा फायदा घेऊन प्रचार करू नये असंच आहे. म्हणजे तुमचं म्हणणं आमच्या घरातलंच आहे.

दर्ग्यामागची_गल्ली
मग पाळा की. फॉर्म भरणारा एक, बायबलवाला दुसरा.

वानलेसवाडीकर
तिथं सगळं मिळून तीन म्हाताऱ्या आणि माझी बहीण. दुसरा माणूस आणू कुठून?

दर्ग्यामागची_गल्ली
तर केसचा निकाल लागेपर्यंत बायबल कपाटात.

वानलेसवाडीकर
निकालाला वर्षं जातात, मर्दा. तोवर त्यानं कुणाकडं मागायचं?

दर्ग्यामागची_गल्ली
अल्लाकडं. तो कुठं गेलाय?